बुडाचा काठ

फायरिंग संपलं की सगळे वाकून चालतात,
शिपाई, नाईक, आणि मी, आरमोरर हवालदार सत्यनारायण बोद्धूल,
भुईमूग काढून नेलेल्या रानात
सरवा वेचावा तसे.

जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत.
आज सहाशे दिली.
पाचशे नव्व्याण्णव आल्या.

सोलापूरचं ऊन. माळावर सावली म्हणजे एक बाभळ.
रेवणसिद्ध हत्तुरे, भरती होऊन चार महिने,
गुडघ्यावर बसून विचारतो,
"साहेब, जुनं भारी होतं का नवं?"
"माती चाळ बे आधी."
पण हात चाळत असले तरी तोंड मोकळंच असतं.

म्हटलं, थ्री नॉट थ्री म्हणजे जाड सूत.
बोटाएवढी लांब. उडाली की
दोन दिवस बाही घालताना आठवण द्यायची.
वारा सुटला तरी ती आपल्या वाटेनं,
डोक्यावर पाटी घेऊन बाजारातून निघालेल्या बाईसारखी.

फाइव्ह फाइव्ह सिक्स, बारीक सूत. ताण जास्त.
खांद्याला नुसती टिचकी.
जुन्या शंभराच्या वजनात या दोनशे येतात,
डोंगर चढणाऱ्या शिपायाला विचार त्याची किंमत.
वेगात जाते, सरळ जाते,
तुझ्यासारख्या नवशिक्याचाही नेम बसवते.
फक्त फार लांब, वारा आडवा आला,
तर वाटेत तिचं मन बदलतं.

"म्हणजे जुनंच भारी."
"असं म्हटलो का मी?"

माझी आई अशोक चौकामागं कांड्या भरायची.
मालकानं माग बदलले, धोटे बदलले,
जुन्या कांड्या पोतंभर उरल्या.
चांगल्याच होत्या.
बसत नव्हत्या, एवढंच.

आणि एक. जुनीच्या बुडाला काठ होता,
अंगाबाहेर आलेला.
भरताना वरचीचा काठ खालचीच्या पुढं हवा,
एक चुकला की पाचही अडकल्या.
नदाफ चाचांनी मला डोळे बांधून भरायला शिकवलं.
"काठ बोटाला सांगतो," म्हणायचे, "डोळ्याला नाही."
नवीचं बूड अंगाबरोबर सपाट. कशीही भर.
बोटाला सांगण्यासारखं तिच्याकडं काही नाही.

रेवणचा हात थांबला.
बाभळीच्या मुळाशी, मुरमात, काहीतरी हिरवं.
मी वाकायच्या आत त्यानंच अंगठा फिरवला.
"साहेब, हिला काठ आहे."

अठ्ठ्याण्णव साली
दस्तगीर नदाफांची एक पुंगळी कमी भरली होती.
तीन दिवस हाच माळ चाळला.
चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली.
वर्षभर चाचा बिनसाखरेचा चहा प्यायले,
सवय चांगली, म्हणत.

आमची सहाशेवी मग
रेवणच्याच पँटच्या दुमडीत निघाली, अजून चकचकीत.
हिशेब जुळला.
जास्तीच्या एका पुंगळीला
रजिस्टरात रकाना नाही.

नई जिंदगीत फोन लावला.
"चाचा, सापडली."
बराच वेळ नुसता त्यांच्या घरचा पंखा ऐकू आला.
"बुडावर साल काय?"
थुंकी लावून पुसलं. "एक्क्याण्णव."
"असंल माझी. नसंल.
लिही माझ्या नावावर."
मग खोकत हसले, "आता वाढ देतील का रे?"

रेवण दोन्ही पुंगळ्या घेऊन बसला होता बुटाच्या टाचेवर.
नवीच्या तोंडावर ओठ ठेवून फुंकर मारली,
बारीक, कानात सुई गेल्यासारखी शिट्टी.
जुनीतून आधी माती आली.
मग काहीच नाही.
"साहेब, ही बंद पडलीय."

"बंद नाही बे.
जरा जोर लागतो तिला. फुंक परत."